विचारणं, मागणं आणि हुमेरा

शारजा, १२ डिसेंबर २००८, शुक्रवार

हुमेरा,

ईद मुबारक, चार दिवस उशिरानं. अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच: इथे सगळे खुशाल आहेत आणि मला तुझ्याकडून काहीही नकोय.

फोन करून पाहिला होता. माझा आवाज आला की तू रिसीव्हर नवऱ्याच्या हातात देतेस आणि बदरुद्दीनभाई बिचारे मला श्रीवर्धनचं हवामान सांगतात. वीस वर्षांत मी त्यांच्याकडून इतकं हवामान ऐकलंय की आकाशवाणीवर मला नोकरी मिळावी. पण मध्ये अम्मा होती. तू तिला चार वाक्यं सांगायचीस आणि ती मला त्याचा अर्धा तास करून सांगायची. ऑगस्टमध्ये ती गेली आणि आपल्या दोघांमधलं टपाल बंद पडलं. तुझी कंबरदुखी कशी आहे हेसुद्धा मला कळत नाही. म्हणून आता स्वतःच लिहायला बसलो.

माझं तेच चाललंय. दुबईत रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या बाजारामागे आमचं टायपिंग सेंटर. लोक येतात, त्यांना सरकारकडे, मालकाकडे किंवा घरमालकाकडे काहीतरी मागायचं असतं, आणि मी ते अरबीत नाहीतर इंग्रजीत टाइप करून देतो. एका अर्जाचे पंधरा दिरहम, म्हणजे आपले दोनशे रुपये समज. मागच्या वर्षी दिवसाला चाळीस अर्ज नव्या व्हिसाचे असायचे. आता चाळीस व्हिसा रद्द करायचे असतात. बँका बुडाल्या, क्रेन थांबल्या, आणि ज्यांच्या येण्याचे कागद मी टाइप केले त्यांच्या जाण्याचेही मीच करतोय.

काल एक बाई आली. पन्नाशीची, उंच, पायात साइटवरचे जड बूट. पासपोर्ट उघडला तर आइसलंड. बावीस वर्षांत हा पासपोर्ट हातात आलेला नव्हता. मी नावाचा उच्चार विचारला तर म्हणाली, सिग्रून. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत माती तपासणारी इंजिनिअर. कंपनी तिला कामही देत नाही आणि सोडतही नाही. दुसरीकडे नोकरी धरायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, नाहीतर सहा महिने बंदी. ते पत्र मागायचा अर्ज तिला हवा होता.

मी नेहमीचं वाक्य टाइप केलं. ‘आय मोस्ट हंबली बेग टु रिक्वेस्ट युअर गुडसेल्फ टु काइंडली...’ तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “हा गुडघ्यांवर कोण बसलाय? मी तर उभी आहे.”

मला राग आला. माझं हे वाक्य हजारो लोकांना व्हिसा मिळवून देणारं. पण तिनं पेन काढलं, खराब झालेला एक फॉर्म उलटा केला आणि इंग्रजीतले मागण्याचे सगळे शब्द एकाखाली एक लिहायला लागली. समोर तिच्या भाषेतले. म्हणाली, “यातला मला नेमका कोणता हवाय ते आधी ठरवू दे.” रांगेतले सहा पठाण आणि दोन मल्याळी तोंड उघडं टाकून बघत उभे. यल्ला, यल्ला, म्हणजे चला आटपा, म्हणून मी तिला बाजूच्या खुर्चीत बसवलं.

कागद ती इथेच विसरून गेली. तो आता माझ्याकडे आहे. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल, कागदाचं मी तुला पुढच्या वेळी सांगेन. शाळेत शब्दांचे अर्थ पाठ करायची हौस तुलाच होती.

जहूर

शारजा, ३० जानेवारी २००९

हुमेरा,

सिग्रून आता दर आठवड्याला येते. कंपनी तिला उत्तरच देत नाही, म्हणून दर आठवड्याला नवा अर्ज. आणि अर्ज कमी, शब्दच जास्त. मला दुकानात वेळ आहे, तिला नोकरीत वेळ आहे, मंदीनं आम्हा दोघांना शिकायला बसवलंय.

तर ऐक. इंग्रजीत ‘आस्क’ एकच. वेळ विचारली तरी आस्क आणि चहा मागितला तरी आस्क. तिच्याकडे दोन वेगळे आहेत. प्रश्न विचारणं म्हणजे ‘स्पिर्या’ आणि वस्तू मागणं म्हणजे ‘बिद्या’. मी म्हटलं, बाई, आमच्याकडेही दोनच: विचारणं आणि मागणं. तिला इतका आनंद झाला की खुर्चीवरून उठली. दोन टोकांच्या दोन भाषांनी सामान सारखंच लावलंय, म्हणाली.

पुढे आणखी आहेत. ‘ग्राउतबिद्या’ म्हणजे रडत मागणं, रडणं त्या शब्दातच शिवलेलं. ‘क्रेव्यास्त’ म्हणजे ठणकावून मागणं. तिच्या गावी बँका बुडाल्यावर लोक पार्लमेंटसमोर उभे राहून पातेली आणि पळ्या बडवताहेत, ते हे, म्हणाली. आणि मला सगळ्यात आवडलेला ‘हेइम्ता’: हक्कानं मागून घेणं. हाच शब्द ते लोक उन्हाळाभर डोंगरात सोडलेल्या मेंढ्या थंडीआधी घरी आणण्याला वापरतात. आणि इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यातला सरळ शब्दच नाही! मी विचार केला, आपण तरी कुठे वापरतो? कृपया फक्त पाटीवर असतं. घरात आपण ‘जरा देतेस का’ म्हणतो, त्या ‘जरा’तच सगळं येतं.

मग तिनं सांगितलं की मुलीला लग्नाची मागणी घालणं हेही त्यांच्याकडे बिद्याच. “तुमच्याकडे काय करतात?” मी सांगितलं की आमच्याकडे मागणी तर घालतातच, पण निकाहाच्या दिवशी मुलीला विचारावंही लागतं. नवरा बाहेर पुरुषांत बसलेला असतो, नवरी आत बायकांत. घरचा एक माणूस वकील होतो, म्हणजे कोर्टातला नव्हे, तिच्या वतीनं बोलणारा. तो दोन साक्षीदार घेऊन आत जातो, मुलाचं नाव आणि मेहेर, म्हणजे नवऱ्यानं तिला द्यायची रक्कम, सांगतो आणि विचारतो, कबूल आहे का. ती काय म्हणाली ते बाहेर येऊन सांगतो, मग पुढचं होतं. ती नाही म्हणाली तर निकाह नाही.

सिग्रून म्हणाली, “म्हणजे हे स्पिर्या.” मी म्हटलं, हो.

“तू कधी हे काम केलंस?”

“एकदा. माझ्या बहिणीच्या लग्नात. वडील नव्हते.”

“ती काय म्हणाली?”

मी सांगितलं की ती गप्प होती, आणि कुमारिकेचं गप्प राहणं म्हणजे होकार असं आमच्यात मानतात.

तुला माहीत आहे तेच मी सांगितलं. तेव्हाही बाहेर येऊन हेच सांगितलं होतं. एका मुलीनं मान खाली घातली, भावानं होकार समजला, यावर कुणी वीस वर्षं अबोला धरतं का? अम्मानं किती वेळा तुला विचारलं, तू तिलाही कारण सांगितलं नाहीस.

तुझी भाभी मैमुना सलाम सांगते. तुझी भाची अजरा एकवीस वर्षांची झाली, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि जेवायला मात्र आंबोळ्या मागते.

जहूर

शारजा, १३ मार्च २००९

हुमेरा,

दोन गोष्टी झाल्या.

पहिली. माझे नऊ अर्ज वाया गेल्यावर सिग्रूननं दहावा स्वतः लिहिला. तीन ओळी. ‘मी अकरा तारखेला तुमची नोकरी सोडते आहे. तुम्ही मला ना-हरकत पत्र देणार का? हो किंवा नाही कळवा.’ मी डोक्याला हात लावला. म्हटलं, “मॅडम, असं लिहिलं तर ते नाही म्हणतील.” तर ती म्हणाली, “म्हणू देत ना. तुझ्या अर्जात त्यांना नाही म्हणायला जागाच नाही, म्हणून ते गप्प बसतात.”

दोन दिवसांत उत्तर आलं. नाही!

ती हसत हसत कागद घेऊन आली, जणू लॉटरीच लागली. म्हणाली, “खलास. आता मला कळलं, आता मी घरी जाते.” जाताना तिनं मला खजुराचा डबा दिला आणि म्हणाली, “जहूर, तुझ्या बहिणीनं खरंच काहीच म्हटलं नाही?” मी म्हटलं, काहीच नाही. तिनं मान हलवली आणि गेली. तिला विमानतळावर सोडायला जावं असं वाटत होतं, पण दुकान होतं.

दुसरी गोष्ट. मी काल जेवताना मैमुनाला म्हणत होतो की हुमेराला दोन पत्रं पाठवली, पोचली की नाही कुणास ठाऊक. अजरा फोनवर बोटं चालवत होती. मान वर न करता म्हणाली, “शी गॉट देम, अब्बा. शी रीड्स देम ट्वाइस.”

मी विचारलं, “तुला कसं कळलं?”

“वुई टेक्स्ट. सिन्स दादी डाइड.”

म्हणजे माझी मुलगी सात महिने तुझ्याशी बोलतेय आणि मी इथे बदरुद्दीनभाईंकडून हवामान ऐकतोय! मी विचारलं, फुफी पत्रांबद्दल काय म्हणते. अजरा जरा घुटमळली. मग म्हणाली, “शी सेज यू आर लाइंग, बट यू राइट वेल.”

लिहितो चांगलं, एवढं तरी कबूल केलंस. दुसऱ्या अर्ध्याबद्दल आज लिहवत नाही.

जहूर

शारजा, १९ जून २००९

हुमेरा,

तीन महिने लावले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, दुकानात दिवसाला आठ अर्ज. मोकळा वेळ माणसाला बरा नाही.

तू गप्प नव्हतीस.

त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. मला बारा दिवसांची रजा, त्यातले नऊ संपलेले. वऱ्हाड बाणकोटच्या खाडीपलीकडून लाँचनं आलेलं, आणि ओहोटी लागायच्या आत लाँच सुटली नाही तर रात्रभर गाळात. लाँचवाला भोंगा वाजवत होता. नवऱ्याकडचे लोक ‘झालं का, झालं का’ करत होते. मी जमालचाचांना आणि नवऱ्याकडच्या एकाला साक्षीदार म्हणून घेऊन आत आलो. तो दुसरा बायकांना बघून उंबऱ्याबाहेरच थांबला. जमालचाचा एका कानानं बहिरे, दुसऱ्यानं अर्धे. मी दारात उभ्या उभ्या नाव घेतलं, मेहेर सांगितली, कबूल आहे का म्हटलं.

तू मान वर केलीस आणि म्हणालीस, “भाई, थांब.”

मी ऐकलं. बायकांच्या गलक्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, अम्मा तर मागच्या दारी होती, पण मी अगदी स्पष्ट ऐकलं. आणि भोंगा पुन्हा वाजला, आणि मी वळलो आणि बाहेर जाऊन म्हणालो, लाजतेय, गप्प आहे, म्हणजे कबूल आहे. जमालचाचांनी मान डोलावली, कारण ते नेहमीच डोलावतात.

गप्प बसण्याला होकार म्हटलंय ते लाजऱ्या मुलीला सोपं जावं म्हणून. रजा संपत आलेल्या भावाला सोपं जावं म्हणून नव्हे. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय आणि माझ्या बहिणीचं एका शब्दाचं म्हणणं मी बाहेर पोचवलं नाही. मला लाज वाटते, हुमेरा. मी अम्मालासुद्धा खोटं सांगितलं, आणि ती मला खरं मानून तुझ्यावर रागावत गेली.

तेव्हापासून मी त्या ‘थांब’पुढचं वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करतोय. थांब, मला हा मुलगा नको. थांब, माझी डीएडला निवड झालीय. थांब, मला दुसरं कुणीतरी... हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू. कधी बदरुद्दीनभाईंशी फोनवर बोलताना वाटतं, हा एवढा सज्जन माणूस, आणि मी त्याच्या घरात मनाविरुद्ध आलेली बायको नेऊन सोडली की काय. काय म्हणणार होतीस? माफी मागायची आहेच, पण त्याआधी हे विचारायचंय. आणि हो, तू सांगणार नाही असं म्हणू शकतेस.

जहूर

शारजा, २४ ऑक्टोबर २००९

हुमेरा,

उत्तर आलं नाही, ठीक आहे. ही आनंदाची बातमी.

अजराचा निकाह येत्या शुक्रवारी, तीस तारखेला. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सगळं पार पडलेलं असेल. मुलगा रुहान, मूळ म्हसळ्याचा, इथल्या एका बांधकाम कंपनीत. दोघांचं ठरलेलं होतंच, पण पुढच्या हिवाळ्यात, तिचं शेवटचं वर्ष झाल्यावर. मंगळवारी त्याच्या आईचा, जहांआराबाईंचा, फोन आला. कंपनीनं इथलं ऑफिस आवरतं घेतलंय आणि रुहानला दोहाला पाठवतायत, पाच नोव्हेंबरला. अशा दिवसांत नोकरी टिकली हेच नशीब. म्हणाल्या, “जहूरभाई, अकेला कैसे भेजूँ? अभी निकाह कर देते हैं, लडकी साथ जाएगी. पढाई का क्या है, इन्शाल्ला वहाँ भी हो जाएगी.”

हॉल मिळाला, माझून मिळाले, म्हणजे इथले सरकारमान्य काझी. बिर्याणीवाल्याला दीडशे माणसं सांगितली. मीच बाप, म्हणून आत जाऊन विचारायचं कामही माझ्याकडेच. आपला रिवाज माझूनना सांगितला, त्यांची काही हरकत नाही.

अजरा खूश आहे. जरा गप्प असते, पण खूश आहे.

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. जहांआराबाईंना मी फोनवरच हो म्हणून टाकलं. मग आत जाऊन अजराला सांगितलं. विचारलं नाही. मैमुनानं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, आणि ती गप्प बसली की काय समजायचं ते मला पंचवीस वर्षांत चांगलं कळलंय.

जहूर

शारजा, ३१ ऑक्टोबर २००९

हुमेरा,

काल काय झालं ते तुला माझ्याआधी अजरानं कळवलं असेल. तरी माझ्या बाजूनं वाच.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर सगळे जमले. मी दोन साक्षीदार घेऊन आतल्या खोलीत गेलो. दोघांचेही कान उत्तम, मी मुद्दाम तसे निवडले. अजरा बसलेली, बाजूला मैमुना. मी नाव घेतलं, मेहेर सांगितली. कबूल आहे का म्हणालो. आणि गप्प उभा राहिलो.

अजरा म्हणाली, “अब्बा, कॅन आय से नो? ऑर इज इट जस्ट फॉर द फॉर्म?”

बाहेर दीडशे माणसं, त्यातली साठ त्यांची. साक्षीदार एकमेकांकडे बघायला लागले. दाराबाहेरून जहांआराबाईंचा आवाज, “हो गया क्या? सूरज ढल रहा है, मग़रिब से पहले हो जाना चाहिए.” मला खरंच वाटलं, हुमेरा, अगदी क्षणभर वाटलं, की बाहेर जाऊन म्हणावं, लाजतेय. वीस वर्षांनीसुद्धा तेच तोंडात आलं. म्हणून हे लिहितोय. मी सुधारलोय असं तुला वाटू नये.

मी म्हटलं, “म्हणू शकतेस.”

“देन नॉट टुडे. मला परीक्षा द्यायचीय.” हे शेवटचं ती मराठीत म्हणाली. “अँड कॅन समबडी प्लीज आस्क रुहान टु कम?”

मी बाहेर आलो. माझूननी रजिस्टर उघडून ठेवलेलं, पेनाचं टोपण काढलेलं. मी म्हणालो, मुलगी म्हणते आज नाही. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं. माझूननी शांतपणे पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले की विचारायचं कारण तर हेच आहे.

रुहान आत आला, सगळ्यांसमोर दारातच दोघं बोलले. तो म्हणाला, “मला तर सांगितलं की अजरा रेडी आहे. मी खुद्द विचारणार होतो, पण मम्मी म्हणाली जहूर अंकलनी कन्फर्म केलंय.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “हो, मीच. मी तिला न विचारता हो म्हटलं.” मैमुनानं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. रुहान अजराला म्हणाला, “एक साल ना? मैं रुकता हूँ. दोहा काय, दीड तासाची फ्लाइट आहे.” जहांआराबाई मात्र रडल्या, मला दोन-चार शब्द सुनावले, आणि ते मी ऐकून घेतले, कारण बरोबरच होते. पुढच्या वर्षी त्या हो म्हणतील की नाही सांगता येत नाही. दोन खुर्च्या सोडून बसलेला एक नातेवाईक म्हणाला की मुलीला शेफारवलंय. मग सगळे जेवायला बसले. बिर्याणीला कुणीही नाही म्हटलं नाही.

घरी आल्यावर अजरा माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, “रागावलीस?” तर म्हणाली, “अ बिट. बट यू वेटेड.” ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. ग्राउतबिद्या म्हणतात तसं काही मागायला नव्हे, नुसताच.

माझ्याकडून तेव्हा एवढंच व्हायला हवं होतं. वळून बाहेर जायचं आणि खरं सांगायचं. लाँच गाळात बसली असती, लोक रात्रभर आपल्या अंगणात झोपले असते, बस.

तुझी माफी मागतो. आता त्याला गुडसेल्फ वगैरे लावत नाही. मी चुकलो.

अजराला डिसेंबरात सुट्टी आहे. इथे लोक चार तोंडांनी बोलतायत. तिला पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवू का? हो किंवा नाही, काहीही कळव.

जहूर

श्रीवर्धन, २ डिसेंबर २००९

जहूरभाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. कंबर बरी आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं. तू वीस वर्षं डोकं चालवलंस आणि एकही अंदाज बरोबर नाही. मला डीएड करायचं होतं, पण ते मी बदरुद्दीनशी आधीच बोलले होते, साखरपुड्यालाच. त्यानं हो म्हटलं होतं आणि करूनही दिलं. दुसरं कुणी नव्हतं. मुलगा मला पसंत होता. तू एवढ्या लांबून आलास, नऊ दिवस धावत होतास, अब्बा नव्हते, आणि तू दारात उभा राहून लोकांना ऐकू जाईल असं विचारलंस. मी म्हणणार होते, भाई, थांब, जरा बस माझ्याजवळ. तू बसला असतास तर मी हो म्हणाले असते. होच म्हणायचं होतं मला. पण ते मी म्हणायचं होतं.

तू निघून गेलास आणि मग ते म्हणायला कधी जागाच राहिली नाही. मी तुझ्याशी बोलत नाही हे बघून बदरुद्दीनला वाटत राहिलं की मला मनाविरुद्ध आणलंय. त्यानं मला कधी विचारलं नाही आणि मीही रागात कधी सांगितलं नाही. ही चूक माझी, तुझी नाही. तुझं जूनचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. वाचून तो व्हरांड्यात जाऊन बसला. मी गेले आणि त्याला सांगितलं, मी हो म्हणणार होते. तो म्हणाला, “इतकी वर्षं मी तुझ्या भावाला हवामान सांगत बसलो.” आणि आम्ही दोघं हसायला लागलो. माफी वगैरे मोठं काम आहे, ते बघू.

अजरानं निकाहाच्या आदल्या दिवशी मला मेसेज केला होता, काय करू म्हणून. मी तिला नाही म्हण असं सांगितलेलं नाही. आपल्या भांडणाचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? एवढंच लिहिलं की विचारलं तर खरं सांग. तू विचारून थांबशील असं मला वाटलं नव्हतं, हेही खरं.

आता शेवटचं. अजराला पाठवू का, असं तू मला विचारलंयस. तिला विचारलंस का?

तिला विचार. हो म्हणाली तर दोघं या. नाही म्हणाली तर तू एकटा ये.

हुमेरा